हद्दीतले दोन स्टॉप

“ही नको. हिची मोहरी अरुंद आहे, पट्टा दिसतो,” असं म्हणत ह्यांनी आणखी एक पँट पलंगावर फेकली.

“मग माझा गाऊन घाला. त्याची मोहरी चांगली ऐसपैस आहे.”

हे हसले नाहीत. एरवी हसले असते. सकाळपासून ह्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. दाढी करून झाली होती, मग गालावर हात फिरवून पुन्हा करून झाली होती. बुटांना पॉलिश केलं होतं आणि त्या नादात माझ्या चपलांनाही केलं होतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस इतका नटला नव्हता. त्या दिवशी नखांत ग्रीस घेऊनच उभा होता, सगळे फोटो साक्षीला आहेत.

पण आज गोष्टच तशी होती. आज आमची ठमी पहिल्यांदा एकटीनं बस चालवणार होती. ठमी म्हणजे आमची एकुलती एक लेक. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे आणि ते आता तिच्या गणवेशाच्या खिशावर शिवलेलंही आहे, पण घरात ती ठमीच. इतके दिवस शेजारी शिकवणारा बसायचा. आजपासून तो नाही. एवढं मोठं धूड, आत माणसं गच्च, आणि चाकावर आमची ठमी, जी परवापरवापर्यंत जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली यायची आणि माझ्या शिव्या खायची!

आणि तिची बस आमच्या वॉर्डातून जाणार होती. बाजारातून निघणार, आमच्या दवाखान्याच्या स्टॉपवर थांबणार, मग पाण्याच्या टाकीच्या स्टॉपवर थांबणार आणि पुढे नदी ओलांडून पार टेकडीवर जाणार. टाकी मागे पडली की आमचा वॉर्ड संपतो. म्हणून बेत असा होता, की दवाखान्याला चढायचं आणि टाकीला उतरायचं. तेवढ्या अंतराला बस करणाऱ्या धडधाकट माणसाला कोणीही वेड्यात काढेल. पण ह्यांना त्यापुढे जायची परवानगी नव्हती.

ते सांगायलाच हवं, नाहीतर पट्ट्याचं कळणार नाही. हे लिफ्टचे मेकॅनिक. अडीच वर्षांपूर्वी स्टेशनात स्फोट झाला, माणसं गेली, शहर हादरलं. घराबाहेर पडताना जो तो घरच्यांचे चेहरे नीट बघून पडायला लागला. मग नवा कायदा आला. त्या कायद्याखाली एका इमारतीतला भाडेकरू धरला गेला आणि त्याच्या फोनमध्ये ह्यांचा नंबर सापडला. सापडणारच. त्या इमारतीतल्या कोणाच्याही फोनमध्ये सापडला असता, कारण तिथली लिफ्ट उठसूट अडकायची आणि “लिफ्ट अडकल्यास” असं लिहून खाली ह्यांचा नंबर लिफ्टमध्येच रंगवलेला होता. आता त्या फोनमधल्या बाकीच्यांना सोडून ह्यांनाच का, ते आम्हाला माहीत नाही. वकिलालाही माहीत नाही. फाईल बंद असते, ती वकिलालाही दाखवत नाहीत. खटला नाही, आरोप नाही, शिक्षाही नाही. नुसता ‘खबरदारीचा आदेश’. वॉर्डाबाहेर जायचं नाही, रोज संध्याकाळी चौकीत तोंड दाखवायचं आणि पायात पट्टा.

“मला वर-खाली जायला बंदी नाही,” हे लोकांना सांगायचे, “फक्त आडवं जायला आहे.” लोक हसायचे. मीही पहिल्यांदा हसले होते. पण आमच्या वॉर्डात लिफ्ट असलेल्या इमारती कितीशा? मग हे घरी बसून शेजाऱ्यांचे पंखे आणि शिलाई मशिनं दुरुस्त करायला लागले. ज्या हातांनी दहा मजली दोर ओढले, त्यांत आता बॉबिन.

मी त्या कायद्याच्या नावानं बोटं मोडायचे तेव्हा हेच मला गप्प करायचे. “लिफ्टला ब्रेक नको म्हणणारा मेकॅनिक मूर्ख,” हे म्हणायचे. “दोर तुटला तर ब्रेकच वाचवतो. ज्यांची माणसं गेली त्यांना विचार.” मग जरा थांबून म्हणायचे, “पण ब्रेक लागून लिफ्ट मधेच उभी राहिली आणि आत माणूस असला, तर त्याला काढायलाही कोणीतरी यायला पाहिजे ना?”

तर या महिन्याअखेरीला त्या आदेशाची दोन वर्षांची मुदत संपत होती. तोपर्यंत एकही भंग झाला नाही तर पट्टा निघणार, झाला तर पुन्हा पहिल्यापासून. भंग कसा, तर वॉर्डाची हद्द ओलांडली की पट्टा थांबून थांबून वाजायला लागतो, ती सूचना. तेवढ्यात परत आत आलं तर क्षमा. नाही आलं तर वाजणं सलग होतं आणि तिकडे वर कुठल्यातरी पडद्यावर भंगाची नोंद होते. दोन वर्षांत आमचा पट्टा सलग कधी वाजला नव्हता. हद्द आम्हाला पाठ होती. शिंप्याचं दुकान आपलं, त्याच्यापुढचं औषधाचं नाही. पिंपळाची सावली आपली, पिंपळ नाही.

शेवटी आठ वर्षांपूर्वीची एक ढगळ पँट सापडली. हे आरशासमोर पाय पुढेमागे करून बघायला लागले.

“एक लक्षात ठेव,” हे म्हणाले. “ओळख द्यायची नाही. आपण नुसते प्रवासी.”

“पोटची पोर आहे ती माझी!”

“म्हणूनच. डेपोनं तिला बापाचं नाव विचारलं, बापाच्या पायात काय आहे ते विचारलं नाही. विचारायची वेळ आपण कशाला आणायची?”

काल जेवताना ह्यावरून बापलेकीचं चांगलंच वाजलं होतं. “बाबा, मी कोणाला घाबरत नाही,” ठमी म्हणाली होती. “मी घाबरतो,” हे म्हणाले होते, आणि विषय तिथंच संपला होता.

आम्ही इतके आधी जाऊन स्टॉपवर उभे राहिलो, की आमच्यासमोर इतर मार्गांच्या कितीतरी बस येऊन गेल्या. प्रत्येक वेळी हे पुढे व्हायचे, नंबर बघायचे, मागे यायचे. शेवटी चौकीतला तरुण पोलीस सायकलवरून जाताना थांबला. ह्यांनी त्याला आधीच विचारून ठेवलं होतं.

“काय काका, आली का लेक?”

“येईल आता. साहेब, दोनच स्टॉप हं.”

“अहो, वॉर्डातल्या वॉर्डात तुम्ही वीस वेळा फिरा. मला कशाला विचारता?” तो हसून म्हणाला. “आणि संध्याकाळी सही करायला याल तेव्हा सगळं सांगा. चहा माझ्याकडून.”

आणि मग बस आली. काय सांगू! कोपऱ्यावरून ती अशी वळली, जसं कोणी कडेवरचं झोपलेलं मूल घेऊन वळावं. मोठ्या काचेमागे आमची ठमी, टोपी सरळ, मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले. मला हात हलवावासा वाटत होता, म्हणून मी दोन्ही हातांनी पर्स धरून ठेवली. दार उघडलं.

“दोन. टाकीपर्यंत,” हे परक्या माणसाच्या आवाजात म्हणाले.

“पुढे सरका, दारात थांबू नका,” ठमी त्याहून परक्या आवाजात म्हणाली आणि तिनं तिकिटं दिली. पण तिचे कान लालबुंद झाले होते. लहानपणापासून तसे होतात.

पुढच्या दाराजवळच आम्हाला जागा मिळाली. पलीकडच्या सीटवर चष्मा लावलेल्या एक बाई होत्या, मांडीवर रोपाची कुंडी घेऊन. बाकी बस गच्च. बस निघाली आणि ह्यांची कुजबुज सुरू झाली.

“बघ, बघ कशी उचलली! कळलं का तरी?”

“नाही कळलं.”

“तेच तर! कळता कामा नये. आता दुसरा गियर टाकेल बघ. टाकला! अगं, त्या बाईंच्या कुंडीतलं पानसुद्धा हललं नाही.”

हे खिडकीबाहेर बघतच नव्हते. समोरच्या आरशात ठमीच्या टोपीचा तुकडा दिसत होता, तेवढाच बघत होते. दोन वर्षांत मी ह्यांना असं बघितलं नव्हतं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं आणि सगळ्या बसला ओरडून सांगावं, की ही आमची आहे, ही आम्ही केली!

शाळेच्या कोपऱ्यावर बस हळू झाली. पुढे रस्त्यात पिवळे अडथळे लावलेले, पाण्याचा लोट वाहतोय आणि एक माणूस लाल फडकं हलवत सगळ्या गाड्या डावीकडे वळवतोय. टाकीची मोठी पाइपलाइन फुटली होती. आम्ही ह्या बेतात सगळ्याचा विचार केला होता. बस उशिरा आली तर, बस भरलेली असली तर, ठमीला रडू आलं तर. रस्ताच बंद असला तर काय, हे मात्र आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ठमीनं बस डावीकडे घेतली. तिला दुसरा मार्गच नव्हता, मागे गाड्यांची रांग लागली होती. शिंप्याचं दुकान गेलं. औषधाचं दुकान आलं.

“अगं,” हे म्हणाले, “हा रस्ता आपला नाही.”

आणि पट्टा वाजला. पीक. मग थांबून पुन्हा, पीक.

बस थोडी पुढे गेली आणि गाड्यांच्या गर्दीत अडकून उभी राहिली. हे पायावर पाय दाबून आवाज दाबायला बघत होते. मी खोकले. मोठ्यानं खोकले. पण असा आवाज खोकल्यानं झाकत नाही.

“काय वाजतंय?” मागून कोणीतरी विचारलं.

“फोन असेल.”

“फोन नाही हो. खालून येतंय, सीटखालून!”

त्यानंतर क्षणभर बसमध्ये जी शांतता पसरली, ती मी जन्मात विसरणार नाही. आमच्या शहरातला प्रत्येक माणूस त्या स्फोटापासून जिची वाट बघत होता, तीच ती शांतता. मग एका बाईनं तो शब्द उच्चारला आणि सगळी बस उठली.

असं काही झालं तर काय करायचं ते ठमीला शिकवलेलं होतं. गाडी बंद, दारं उघडी, माणसं बाहेर. पुढचं दार फाटकन उघडलं. ते आमच्यासमोरच होतं. मी ह्यांचा दंड धरला.

“उतरा! पळा! कोपरा जवळ आहे, शिंप्यापर्यंत गेलात की झालं!”

हे उठलेही. एक पाय पायरीवर ठेवलाही. पण मधलं दार उघडलं नव्हतं. आमच्याकडच्या आवाजापासून लांब पळायला बाकी सगळी बस त्या दारावर कोसळली होती. ते दार आतल्या बाजूला घडी होऊन उघडतं आणि त्यालाच माणसं चिकटलेली, मग उघडणार कसं? जितकं उघडत नव्हतं तितके मागचे रेटत होते. खालून एक लहान पोर किंचाळत होतं आणि त्याची आई “माझं बाळ, माझं बाळ” करत होती. इकडे पट्ट्याचं पीक-पीक जवळजवळ यायला लागलं होतं.

“अहो, चला ना!”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पायरीवरचा पाय वर घेतला.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचा ह्यांचा एक वेगळा आवाज आहे. तो घरात कधी निघत नाही. माझ्यावर तर कधीच नाही. शाफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधे लोंबकळत, बंद दाराला तोंड लावून हे त्या आवाजात बोलायचे आणि आतल्या माणसांचं रडणं थांबायचं. त्या आवाजात हे म्हणाले,

“घाबरू नका. मी आहे इथं. बॉम्ब नाही. दार उघडणार आहे.”

“हाच!” निळ्या शर्टातला एकजण ओरडला. “ह्याच्याच अंगात वाजतंय!”

“हो, माझ्याच पायात वाजतंय,” हे म्हणाले. आणि सकाळपासून जो झाकण्यासाठी कपाट उपसलं होतं, तो पट्टा ह्यांनी ढगळ पँट गुडघ्यापर्यंत वर ओढून भर बसमध्ये सगळ्यांना दाखवला. “हा सरकारी पट्टा आहे. मी हद्दीबाहेर आलो म्हणून वाजतोय. ह्यानं कोणाला काही होत नाही.”

“म्हणजे तू त्यांच्यातलाच!” तो माणूस म्हणाला. रेटा आणखी वाढला. आता त्यांना बॉम्बपासून नाही, ह्यांच्यापासून पळायचं होतं.

तेवढ्यात बसचा भोंगा खरखरला. पुढचा स्टॉप सांगायचा तो भोंगा. त्यातून ठमीचा आवाज आला, जरा कापरा, पण मोठा.

“ते माझे बाबा आहेत.”

सगळ्या माना चाकाकडे वळल्या. ठमी उठून उभी राहिली होती, माईक हातात, टोपी एका कानावर आलेली.

“मी या गाडीची ड्रायव्हर आणि ते माझे बाबा आहेत. त्यांनी जन्मभर अडकलेली माणसं बाहेर काढली आहेत. ते सांगतात तसं करा.”

ह्यांनी घसा खाकरला. पण आवाज तोच ठेवला.

“दारावरचे हात काढा. हं, असे. मागच्यांनी एक पाऊल मागे या. एकच. अहो निळा शर्ट, तुम्हीसुद्धा. दार आत येतंय, त्याला जागा द्या. ताई, बाळाला वर उचला. छान. ठमे, आता दाब.”

ठमीनं बटण दाबलं. दार घडी होऊन आत आलं आणि माणसं एकामागून एक उतरली. ते किंचाळणारं पोर आईच्या खांद्यावरून ह्यांच्या पायाकडे टकामका बघत गेलं. सगळ्यांत शेवटी तो निळा शर्ट उतरला. उतरताना त्यानं ह्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मग मला जाणवलं, की पीक-पीक थांबलंय. थांबलं नव्हतं. ते सलग झालं होतं.

दोन वर्षं! संध्याकाळ चुकवली नाही, पिंपळाला हात लावला नाही, सख्ख्या बहिणीच्या आजारपणात नदीपलीकडे गेला नाही हा माणूस. मी मटकन सीटवर बसले आणि मला रडू फुटलं. ह्यांनी पँटची मोहरी खाली केली, नीट झटकली आणि वाजणारा फोन कानाला लावला.

“काका!” चौकीतल्या पोलिसाचा आवाज मलाही ऐकू येत होता. “काका, तुम्ही माझ्या पडद्यावर लाल झालात! कुठे आहात? परत फिरा आधी!”

“येतोय, साहेब. पाइप फुटलाय, बस वळवली. इथं जरा धावपळ झाली.”

“मी लिहितो, सगळं लिहितो तसं. पण काका...” तो थांबला. “भंग यंत्रातून थेट वर जातो. माझ्या हातात नसतं हो ते.”

“माहीत आहे. तुम्ही काय करणार?” हे म्हणाले. “येतो सहीला संध्याकाळी.”

बसमध्ये आम्ही तिघंच उरलो असं मला वाटलं होतं. पण त्या चष्म्याच्या बाई जागच्या हलल्याच नव्हत्या. कुंडी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

“माझा भाऊ स्टेशनात गेला,” त्या म्हणाल्या. “हा कायदा व्हावा म्हणून मी भर उन्हात फलक घेऊन उभी राहिलेय.”

मी काहीतरी बोलणार होते. ह्यांनी मला हातानं थांबवलं.

“बरोबर केलंत,” हे म्हणाले.

“तुम्ही काय केलं होतं?”

“मला माहीत नाही, बाई.”

“असं कसं माहीत नाही?”

“कोणी सांगितलं नाही. फाईल बंद असते.”

बाईंनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. “मला वाटायचं, ज्याला पट्टा घालतात त्याला निदान सांगत असतील,” त्या म्हणाल्या.

“मलाही तसंच वाटायचं.”

पट्ट्याचा आवाज चालूच होता. बाहेर लोकांना एव्हाना कळलं होतं, की काही फुटणार नाही. त्यांची तोंडं सुटली होती, कोण किती घाबरला होता ते एकमेकांना हातवारे करून सांगणं चाललं होतं, आणि थोडे थोडे परत दारांशी जमत होते. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. आणि माझ्या डोक्यात एकदम वीज चमकली. मी डोळे पुसून ताडकन उभी राहिले.

“अहो, बसा!”

“काय?”

“बसा म्हणते ना! भंग तर झालाच. आता अर्ध्यापर्यंत झाला काय आणि पुरता झाला काय? चला टेकडीपर्यंत! लेक नेतेय, बसा!”

ह्यांचे डोळे असे लकाकले! मी पाहिलं ते. ह्यांनी सीटकडे बघितलं, मोठ्या काचेतून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघितलं, सीटच्या दांडीवर हातही ठेवला. मग तो काढला.

“नको. उद्या म्हणतील, पोरीनं बापाला पळवून नेलं. माझं जे व्हायचं ते होईल, तिच्या गाडीवर डाग नको.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. “तू जा. तुला कुठे बंदी आहे? शेवटपर्यंत जा. आणि नीट बघून ये, नाहीतर नेहमीसारखी डुलक्या काढशील.”

“मी एकटी नाही जाणार.”

“जा गं. कोणीतरी जायला हवं ना तिच्याबरोबर.”

हे चाकाजवळ गेले. ठमीला चाक सोडून बाहेर यायची परवानगी नव्हती. ती अर्धवट वळून उभी होती. गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ती गणवेशाच्या बाहीनं ते पुसत होती.

“बाबा, मी इकडे वळवायला नको होतं.”

“मग काय खड्ड्यात घालायची होतीस? ब्रेक फार छान दाबलास. एवढ्या गर्दीत उभं असलेलं एक माणूस पडलं नाही. मला तर वाटलं, गाडी थांबलीच नाही, रस्ताच थांबला.” ह्यांनी तिची टोपी सरळ केली. “आणि मधल्या दाराची वरची बिजागरी कुरकुरतेय. डेपोत सांग, तेल घालतील.”

“डेपोत आता मला कोण विचारतंय?”

“विचारतील. सगळं खरं सांग. बाकी राहिलंय काय लपवायला?”

हे उतरले. लोक बाजूला झाले, जरा जास्तच बाजूला झाले. वाजत्या पायानं हे त्या रिकाम्या जागेतून औषधाच्या दुकानाकडे चालायला लागले. मला वाटलं होतं, पळतील. पळाले नाहीत. पॉलिश केलेल्या बुटांनी, वाटेतल्या पाण्याचे ओघळ चुकवत, रोज संध्याकाळी चालतात तसेच चालत गेले. बस हलली तेव्हा ते शिंप्याच्या दारात पोचले होते. आवाज बंद झाला असणार, कारण हे थांबले आणि वळून दोन्ही हात उंच करून हलवायला लागले. ओळख द्यायची नाही म्हणणारा माणूस!

मग मी बघत गेले. एक डुलकी काढली नाही. चष्म्याच्या बाई उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या. पूल चढताना ठमीनं गियर बदलला, तेव्हा मी कुंडीतल्या पानाकडे बघितलं. ते हललं नाही. “मुलगी छान चालवते,” बाई उतरताना एवढंच म्हणाल्या.

टेकडीवर बस रिकामी झाली. ठमी आणि मी पायरीवर बसून एका बाटलीतलं पाणी प्यायलो. ती रडली, मग हसली. “आई, मी माईकवर बोलले!” म्हणाली. मग पुन्हा रडली. तोवर निघायची वेळ झालीच.

परत येताना दवाखान्याच्या स्टॉपवर हे उभे होते. घरी गेलेच नव्हते. मी उतरले. दार बंद होताना ह्यांनी कान देऊन ते ऐकलं आणि बिजागरीकडे बोट दाखवलं, काचेमागून ठमीनं मान डोलावली. बस बाजाराकडे वळून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बघत राहिलो.

“चौकीत जायला अवकाश आहे,” हे स्टॉपच्या बाकावर बसत म्हणाले. “हं, सांग. टाकीनंतर काय?”

मी सांगायला लागले. टाकीनंतर मोठं वळण येतं, उजवीकडे, अगदी नदीच्या कडेनं. मग पूल. पुलाचा चढ. पूल उतरला की लगेच डावीकडे, तिथं एक हिरवी इमारत आहे, नवीन झालेली, चांगली उंच.

“लिफ्ट असेल,” हे म्हणाले.

“असणारच. मग पुन्हा उजवीकडे, आणि मग घाट सुरू होतो.”

ह्यांनी डोळे मिटले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, ढगळ पँट पावलांपर्यंत आलेली. मी उजवीकडे म्हटलं की हे उजवीकडे कलत होते, डावीकडे म्हटलं की डावीकडे.